विडी सुटली, पण तलफ का सुटत नाही?

“डॉक्टर, विडी सोडून सात महिने झाले. मधे कित्येक दिवस तिची आठवणसुद्धा आली नाही. पण काल लग्नाला गेलो आणि जेवणाची पंगत उठल्यावर अशी तलफ आली, की काही सुचेना. माझ्या रक्तातून विडी अजून गेलीच नाही का?”

असा प्रश्न विचारणारे रुग्ण दवाखान्यात वरचेवर भेटतात. विडी-सिगारेट सोडताना पहिले आठ-पंधरा दिवस कसे काढावेत, हे आता बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक असते. त्या दिवसांत घरची माणसे जपतात, मित्र कौतुक करतात. पण पुढे सहाव्या, आठव्या, अकराव्या महिन्यात अवचित येणाऱ्या तलफेबद्दल फारसे कोणी सांगत नाही. त्यामुळे ती आली की माणूस गडबडून जातो. ‘इतके महिने होऊनही हीच गत, म्हणजे हे आपल्या हातून होणे नाही,’ असा ग्रह करून घेतो आणि पानटपरीकडे वळतो. तलफेपेक्षा हा गैरसमजच जास्त घात करतो. म्हणून आजच्या लेखात या उशिरा येणाऱ्या तलफेचा विचार करू.

तलफ दोन प्रकारची

पहिली तलफ शरीराची. तंबाखूतील निकोटिन धुराबरोबर फुप्फुसात जाते आणि तेथून अवघ्या दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. मेंदूतील पेशींवर निकोटिनला चिकटायला ठरावीक जागा असतात. तेथे ते चिकटले की डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि माणसाला क्षणभर बरे वाटते. रोजच्या ओढण्याने या जागांची संख्या वाढते. विडी बंद झाली की या वाढलेल्या जागा उपाशी राहतात. मग चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे, कामात लक्ष न लागणे, सारखी भूक लागणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तो सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांमध्ये दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. रक्तातील निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ संपलेले असते. मेंदूतल्या वाढलेल्या जागाही काही आठवड्यांत कमी होऊन पूर्ववत होतात.

म्हणजे सात महिन्यांनी येणाऱ्या तलफेचा रक्तातल्या विडीशी काही संबंध नाही. ती दुसऱ्या प्रकारची तलफ, आठवणीची.

थोडा हिशेब करू. दिवसाला २० विड्या ओढणारा माणूस एका विडीचे १० झुरके धरले तरी रोज २०० झुरके घेतो. वर्षाचे झाले ७३ हजार आणि वीस वर्षांचे १४ लाख ६० हजार. यातला प्रत्येक झुरका कशाला तरी जोडून घेतलेला असतो. चहानंतर, जेवणानंतर, एसटीची वाट पाहताना, पाटाचे पाणी शेतात सोडून बांधावर बसल्यावर, साहेबांचे बोलणे खाऊन बाहेर आल्यावर. चौदा लाख वेळा गिरवलेला धडा सात महिन्यांत कसा पुसला जाईल?

पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे कुत्र्यांवरचे प्रयोग अनेक वाचकांनी शाळेत वाचले असतील. खाणे देण्यापूर्वी दर वेळी ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आवाज करून खाणे द्यायचेच नाही असे पुन्हा पुन्हा केले, तर लाळ हळूहळू कमी होत थांबते. या प्रयोगांतली पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. काही काळ मधे गेला आणि पुन्हा तोच आवाज ऐकू आला, तर थांबलेली लाळ परत येते. याचा अर्थ आधीची मेहनत फुकट गेली असा नाही. तेव्हाही खाणे मिळाले नाही, तर ती पहिल्यापेक्षा लवकर थांबते. आपल्या तलफेचे असेच आहे.

एका ट्रकचालकाचा पाय

माझ्याकडे येणाऱ्या एका रुग्णाची हकिकत सांगतो. व्यवसाय ट्रक चालवण्याचा, वय ३८. वयाच्या सोळाव्या वर्षापासून विडी. चालताना पोटरीत गोळे येतात आणि पायाच्या बोटाची जखम भरत नाही, अशी तक्रार होती. तपासात बर्जर्स डिसीज निघाला. लिओ बर्जर या डॉक्टरांनी १९०८ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले. यात हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्या सुजून, त्यात रक्ताच्या गुठळ्या होऊन बंद पडत जातात. हा रोग जवळजवळ नेहमी तंबाखू ओढणाऱ्यांनाच होतो. आपल्याकडे विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत तो विशेष दिसतो. यावर खरा उपाय एकच. तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन विड्या चालू राहिल्या तरी रोग चालूच राहतो. उलट, बोटे काळी पडण्याआधी विडी कायमची थांबली, तर पाय वाचण्याची शक्यता फार मोठी असते.

या गृहस्थांचे एक बोट काढावे लागले. त्या दिवसापासून त्यांनी विडीला हात लावला नाही. नऊ महिने घरी राहिले, भावाच्या दुकानात बसले. जखम भरली, रंग सुधारला. मग पुन्हा गाडीवर गेले. पहिल्याच रात्री घाट चढून वरच्या ढाब्यावर गाडी लावली. खाली उतरले आणि नऊ महिन्यांत आली नव्हती अशी तलफ आली. सोबतच्या क्लीनरने काडी ओढली आणि यांनी हात पुढे केला. एकच विडी, म्हणून. पंधरा दिवसांत रोजच्या पाच-सहा झाल्या आणि शेजारच्या बोटाला जखम झाली, तेव्हा ते माझ्याकडे आले.

“नऊ महिने काही वाटलं नाही हो डॉक्टर, मग त्याच रात्री काय झालं?” असे ते विचारत होते. झाले ते असे. घरात, दुकानात, गल्लीत त्यांनी विडीविना राहण्याची सवय केली होती. तिथल्या तलफा येऊन येऊन विझल्या होत्या. पण रात्रीची गाडी, घाटमाथा, ढाब्यावरचा चहा यांची आणि त्यांची विडीशिवाय भेट त्या रात्री पहिल्यांदाच होत होती. त्या जागेपुरता तो त्यांचा पहिलाच दिवस होता. हे समजल्यावर त्यांनी पुन्हा विडी सोडली. पुढच्या खेपेला ढाब्यावर उतरताना क्लीनरला आधीच बजावून ठेवले, खिशात फुटाणे ठेवले आणि चहाऐवजी ताक घेतले. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर त्रास कमी झाला. या गोष्टीला आता तीन वर्षे होत आली. दुसरे बोट शाबूत आहे आणि ते गाडी चालवतात.

वर्षाचा एक फेरा

या हकिकतीतून सर्वांनी घ्यायची गोष्ट अशी की, विडी एकदा सोडून भागत नाही. ज्या ज्या जागी आणि ज्या ज्या प्रसंगी आपण ती ओढत होतो, तिथे तिथे ती एकेकदा सोडावी लागते. रोजचे प्रसंग महिना-दोन महिन्यांत होऊन जातात. पण काही प्रसंग वर्षातून एकदाच येतात. पहिला पाऊस, गावची जत्रा, लग्नसराई, हुरड्याच्या वेळची शेकोटी, निवडणुकीची रात्र, मार्चअखेरचे हिशेब, दिवाळीला शहरातून आलेले जुने मित्र. मयतीला गेल्यावर स्मशानात बाजूला उभे राहून विडी पेटवायची सवय तर कितीतरी जणांना असते. विडी सोडल्यापासून यांतला प्रत्येक प्रसंग पहिल्यांदा येईल, तेव्हा आपली तलफही घेऊन येईल. हे आधीच धरून चालावे. म्हणून मी रुग्णांना सांगतो, वर्षाचा एक फेरा पूर्ण होऊ द्या. दुसऱ्या वर्षी तोच पाऊस आणि तीच जत्रा पुष्कळ सोपी जाते. एखादी चुकार तलफ नंतरही कधी येईल. पण ती क्वचित आणि सौम्य असते.

यासाठी एक सोपे काम करावे. घरातल्या कॅलेंडरवर, आपल्याला जड जातील असे पुढचे दिवस आजच खूण करून ठेवावेत. तलफ आली की त्याच तारखेवर वेळ, जागा आणि सोबत कोण होते, एवढे लिहावे. महिनाभरात आपल्या तलफेचे ठाणे कुठे आहे, ते आपल्याला कळते. शत्रूची वाट ठाऊक असली की निम्मी लढाई सोपी होते.

पाच मिनिटे कशी काढावी?

तलफ आली की ती वाढतच जाईल, असे वाटते. प्रत्यक्षात ती चढते, टोकाला पोहोचते आणि उतरते. एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटे, फार तर दहा मिनिटे टिकते. विडी ओढली नाही तरीही ती जाते, हे ध्यानात ठेवावे. तेवढा वेळ काढण्यासाठी पुढील उपाय करून पाहावेत.

१) घड्याळ पाहावे. ‘आयुष्यभर ओढायची नाही’ असा विचार त्या वेळी करू नये. ‘दहा मिनिटे ओढायची नाही’ एवढेच ठरवावे.

२) जागा बदलावी. टपरीपुढे उभे असाल तर चालू लागावे. पाच-दहा मिनिटे भरभर चालल्याने तलफ कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आपल्या बेताने चालावे.

३) नाकाने सावकाश श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळूहळू सोडावा. असे दहा वेळा करावे. विडी ओढताना आपण दीर्घ श्वास घेत असतो. तो विसावा विडीविनाही मिळतो.

४) पेलाभर पाणी घोट घोट प्यावे. तोंडात लवंग, वेलदोडा, बडीशेप किंवा आवळकाठी ठेवावी. सुपारी मात्र नको. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते.

५) हातांना काम द्यावे. शेंगा सोलाव्यात, जपमाळ ओढावी, सायकल पुसावी. विडीची सवय बोटांनाही असते.

सकाळी विडीशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार फार जण करतात. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे ती खोटी नाही. पण आतडी काही आठवड्यांत विडीविना काम करू लागतात. तोवर उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, थोडी फेरी, जेवणात भाकरी, पालेभाजी आणि पेरू-केळ्यासारखी फळे ठेवावीत. गरज पडल्यास रात्री इसबगोल घ्यावे.

चहाचा एक गुपित भाग

विडी सोडलेल्या माणसाने चहा निम्मा करावा, असे मी सांगतो तेव्हा पुष्कळांना नवल वाटते. धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीनचा निचरा भरभर करते. धूर बंद झाला की हा वेग मंदावतो. त्यामुळे पूर्वीइतकाच चहा घेतला तरी रक्तात कॅफीन जास्त साठते. मग छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. माणसाला वाटते ही विडीचीच तलफ. खरे तर तो चहा बोलत असतो. शिवाय चहाचा कप आणि विडी ही जोडी जुनी. काही दिवस चहाची जागा आणि वेळ बदलावी. टपरीऐवजी घरी घ्यावा आणि उभ्याने न घेता बसून घ्यावा.

हाच नियम काही औषधांनाही लागू पडतो. दम्यासाठी थिओफिलिन असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मानसिक आजारासाठी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेणाऱ्यांनी धूम्रपान सोडल्याचे आपल्या डॉक्टरांना जरूर सांगावे. मात्रा कमी करावी लागू शकते. मधुमेहींनीही सुरुवातीला रक्तातील साखर जास्त वेळा तपासावी.

‘एकच ओढतो’

उशिरा येणारी तलफ बहुधा गोड बोलत येते. ‘आता तुझा ताबा आहे, एक ओढलीस तर काय होते?’ ज्याचे व्यसन एकदा जडले होते, त्याच्या मेंदूला त्या एका विडीने जुना रस्ता पुन्हा सापडतो. राज्यात सप्टेंबर २०२० पासून सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीला बंदी आहे. तरी मित्राच्या खिशातली एक कोणीही देऊ शकतो. तेव्हा ‘आज नको’ यापेक्षा ‘मी ओढत नाही’ असे म्हणावे. ‘आज नको’ म्हटले की समोरचा उद्या पुन्हा विचारतो.

दुसरी फसवणूक आपल्या भागात फार होते. विडी सोडली म्हणून तंबाखू-चुना मळायला घेणे. कोणी मावा, खर्रा किंवा गुटख्याकडे वळतो, घरातल्या बाया मशेरीचा आधार घेतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ सुमारे ४ टक्के, तर धूर नसलेली तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के होते. म्हणजे तंबाखूची पुडी हाताशी सहज येते. पण निकोटिन तेच, व्यसन तेच आणि वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून बंदीच आहे.

पाय घसरलाच तर

एखाद्या दिवशी ओढली गेली, तर सात महिने पाण्यात गेले असे समजू नये. सायकल शिकताना पडलेला मुलगा सायकल फेकून देत नाही. उरलेले पाकीट, काडेपेटी त्याच क्षणी टाकून द्यावी. ‘सोमवारपासून पुन्हा सोडतो’ म्हणू नये, पुढची विडी हीच न ओढायची विडी. कोणत्या प्रसंगी घसरलो, ते कॅलेंडरवर लिहावे. खूप जणांची विडी पहिल्या प्रयत्नात कायमची सुटत नाही. दोन-चार प्रयत्नांनी ती सुटलेली मी अनेकदा पाहिली आहे.

घरच्यांनाही एक विनंती. शर्टाचा वास घेऊन “परत सुरू केलीत वाटतं” असे टोमणे मारू नयेत. दुसऱ्याच्या धुराचाही वास कपड्यांना लागतो. माणूस कारण नसताना चिडला, तर काही दिवस ते सोसावे. त्याने आपणहून “आज तलफ आली होती” असे सांगितले, तर घाबरू नये. जो सांगतो तो बहुधा सावरतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

महिना उलटूनही दिवसभर सतत तलफ राहत असेल, झोप येत नसेल, मन उदास राहत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांना भेटावे. निकोटिनचे च्युइंगम, बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन अशी औषधे आहेत; ती वैद्यकीय सल्ल्याने घ्यावीत. च्युइंगम सारखे चघळायचे नसते. तिखट चव येईपर्यंत सावकाश चावून गाल आणि हिरडीमध्ये धरून ठेवायचे आणि चव गेल्यावर पुन्हा चावायचे. बर्जर्स डिसीजच्या रुग्णांनी मात्र ते घेऊ नये, कारण त्यातही निकोटिन असते. केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक विडी-सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. ज्यावरून हात मागे घ्यायचा, त्यावरच मदतीचा पत्ता आहे.

आता या सगळ्या खटपटीचे फळ काय, तेही पाहू. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात, धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या साधारण निम्मा होतो. सर रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला ओढत राहणाऱ्यापेक्षा सुमारे १० वर्षे, चाळिशीत सोडणाऱ्याला ९, पन्नाशीत सोडणाऱ्याला ६ आणि साठीत सोडणाऱ्यालाही सुमारे ३ वर्षे जास्त आयुष्य मिळते. म्हणजे ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ या प्रश्नालाही उत्तर आहे.

तेव्हा सात-आठ महिन्यांनी तलफ आली, तर आपण हरलो असे मानू नये. एखादा जुना प्रसंग विडीशिवाय पहिल्यांदा भेटायला आला आहे, एवढेच समजावे. त्याला पाणी द्यावे, पाच मिनिटे बसू द्यावे. काही न घेता तो निघून जातो आणि पुढच्या वर्षी आला, तर फार वेळ थांबत नाही.